विहीणबाईंची पाटी

दौंड
१२ नोव्हेंबर २००३, सकाळी ६-४०

सौ. सगुणाबाई गेणबा कोकरे, मु. पो. मांडवगण फराटा, यांस

बबन ओव्हाळ, निवृत्त मालगाडी गार्ड, याचा जय भीम.

काल संध्याकाळी साडेसहाला जालिंदरचा दुधाचा टेम्पो दारात थांबला आणि त्यानं तुमची भाजीची पाटी उतरवली. वर जुन्या लुगड्याचं धडपं बांधलेलं होतं. "मांडवगणच्या सगुणाकाकूनं दिलीया, साखरंला चांगली म्हनं," एवढं बोलून तो गेला. माझ्या साखरेची खबर नदीपलीकडं कुणी पोचवली हे मी त्याला विचारलं नाही. त्याच्या पोटात काही राहत नाही हे सगळ्या दौंडाला माहीत आहे.

आता स्पष्टच लिहितो. तुमच्या मल्हारनं आणि माझ्या करुणानं चार वर्षांपूर्वी पुण्याला जाऊन परस्पर नोंदणी लग्न केलं. तेव्हापासून या दोन घरांत येणंजाणं नाही आणि मी ते मागितलेलंही नाही. असं असताना पाटी कशासाठी?

बरं, पाठवलीत ती तरी कसली? मेथीच्या पानापानाला भोकं. चार वांग्यांतलं एक किडकं. दोडका वाकडा. खाली फडक्यात हुलगे, तेही राखेनं माखलेले. मला नीट दिसत नाही हे खरं, पण बोटांना भोकं कळतात.

माझा बाप गावकीचं काम करायचा. सणावाराला तो पाटी घेऊन दारोदार जायचा आणि त्या पाटीत काय पडायचं ते मी लहानपणी त्याच्या मागं उभं राहून बघितलेलं आहे. शिळं, किडकं, उरलेलं. आपल्या पाटीत पुन्हा कुणी काही टाकू नये म्हणून मी शिकलो आणि रेल्वेत लागलो. तुम्हाला हे ठाऊक नसेल, तर आता असू द्या.

मेथी शेजारच्या दगडाबाईच्या शेळीला घातली. शेळीनं चवीनं खाल्ली. बाकीचं ओट्यावर पडून आहे.

करुणाची आई अंजना असती तर तिनं पाटी रिकामी जाऊ दिली नसती. कुणाचं भांडं रिकामं परत करायचं नाही, निदान मूठभर साखर तरी घालायची, असा तिचा शिरस्ता होता. ती गेली त्याला दीड वर्ष झालं आणि या घरात साखर आता बंद आहे. म्हणून पाटीत हे पत्र घालून पाठवतो. पुन्हा पाटी पाठवू नये.

बबन ओव्हाळ


दौंड
१९ नोव्हेंबर २००३, सकाळी ७-१०

सौ. सगुणाबाई यांस, जय भीम.

पाठवू नये असं लिहूनही पाटी आली. या खेपेला आत चिठ्ठी होती. तुम्ही सांगत गेलात आणि कुणीतरी तुमच्या तोंडचं जसंच्या तसं उतरवून घेतलं. कुणी, ते अक्षरावरून कळलं. ते अक्षर मी स्वतः दुरेघी वहीत गिरवून घेतलेलं आहे. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

भिंग लावून चिठ्ठी तीनदा वाचली. तुम्ही म्हणता, "इवाई, भोकं पडल्याली पानं म्या मुद्दाम वर ठिवली, तुमच्या नदरंला यावी म्हून. आमचं धनी इकायच्या मेथीला आठवड्यातनं दोनदा औषिद मारत्यात. तिच्यात एक भोक घावायचं न्हाई. घरची मेथी येगळी. हिरीच्या कडंला चार वाफं हायत, तितं म्या फवाऱ्याचा पंप येऊ देत न्हाई. त्या वाफ्यातलं आमी खातो. त्यातलंच तुमाला धाडलं. आन् राख हुलग्याला भुंगा लागू नये म्हून. बाजारात त्येच्यात गोळ्या टाकत्यात."

हे वाचून मी बाजारात गेलो. मेथीची एक जुडी उचलून नाकाशी धरली. पानं अशी की इस्त्री करून ठेवावीत, आणि वास औषधाच्या दुकानातला. भाजीवालीला विचारलं, तुझ्या घरी हीच करतेस का? ती हसली आणि म्हणाली, "आमची येगळी असती की बाबा." म्हणजे आख्ख्या तालुक्याला जे ठाऊक आहे ते मला साठाव्या वर्षी कळलं. जन्म गेला मालगाडीत. वॅगनमधून भाजी कुठून कुठं जाते ते सांगेन, पण ती पिकते कशी ते कधी बघितलं नाही.

तेव्हा मागच्या पत्रात तुमच्याबद्दल जे लिहिलं ते मागं घेतो. बापाबद्दल लिहिलं ते मागं घेत नाही. ते खरं आहे.

माझं दुखणं काय आहे तेही तुम्हाला नीट माहीत असावं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. पुण्याचे डोळ्यांचे डॉक्टर म्हणतात, उपाशीपोटीची साखर दोनशे बासष्ट असताना मी शस्त्र लावणार नाही, जखम चिघळली तर डोळा जाईल. ती एकशे चाळीसच्या आत आणा. आणि फार थांबूही नका, फेब्रुवारीच्या पुढं गेलात तरी डोळा हातचा जाईल. म्हणजे इकडं आड तिकडं विहीर. दाराबाहेरचा दिवा मला आता कापसाच्या बोळ्यासारखा दिसतो. पेपर बंद झाला. हे पत्र जाड स्केचपेननं लिहितोय, एका पानावर दहा ओळी मावतात.

इथल्या डॉक्टरीणबाई गोळ्या देतात. भात, साखर, बटाटा सोडा, पालेभाज्या आणि कडधान्यं खा म्हणतात. कुठल्या, किती, कशा, हे विचारायला गेलं तर बाहेर चाळीस माणसं ताटकळत असतात. तुम्हाला ठाऊक असेल तर कळवावं. वांग्यातला किडका भाग कापून बाकीचं केलं. बरं लागलं.

बबन ओव्हाळ


दौंड
७ डिसेंबर २००३, दुपारी १२-००

सौ. सगुणाबाई यांस, जय भीम.

काल सहा डिसेंबर. चोवीस वर्षांत पहिल्यांदा मी दादरला गेलो नाही. गर्दीत पायरी दिसणार नाही, कुणाचा तरी हात धरावा लागेल, आणि तसा हात घरात नाही. इथल्याच विहारात बसून वंदना केली.

तुमच्या सांगण्याबरहुकूम सगळं केलं. मटकी रात्री भिजत घातली, सकाळी ओल्या फडक्यात गच्च बांधून खुंटीला टांगली. पहिल्या खेपेला मोडांऐवजी वास आला, दगडाबाईनं नाक धरलं. दुसऱ्या खेपेला बोटाच्या पेराएवढे मोड आले. इतका आनंद मला बढतीच्या कागदानं झाला नव्हता. शेपूत मूग घातले. हरभऱ्याचे कोवळे शेंडे खुडून पाठवलेत त्यांची भाजी केली, आंबट लागली, दोनदा वाढून घेतली. हुलग्यांना मी नाक मुरडणार होतो, आमच्या लहानपणी ते बैलाला घालायचे आणि घरात काही नसलं की आम्हाला. पण तुमच्या चिठ्ठीतली शेंगोळी केली, लसूण जरा जास्त घालून, आणि आई डोळ्यांपुढं उभी राहिली.

हे सगळं एकटा मी करतोय. भात बंद, चपाती बंद, बटाटा बंद, चहा बिनसाखरेचा. एवढं करून काल साखर तपासली. दोनशे एकावन्न! अडीच आठवडे जिवाचं रान करून अकरा आकडे उतरले.

रागानं काही लिहू नये असं ठरवून बसलो होतो, पण लिहितोच. तुमच्या भाजीत गुण असेल असं मला वाटलं होतं. तो दिसत नाही. जमिनीत काही असेल, बियाण्यात असेल, नाहीतर माझ्या नशिबात. जालिंदरला मी सांगितलंय की आता पाटी आणू नकोस, दूधच आण.

बबन ओव्हाळ


दौंड
१६ डिसेंबर २००३, सकाळी ८-२५

विहीणबाई, जय भीम.

या नावानं पहिल्यांदाच हाक मारतोय, आणि ती शरमेनं मारतोय. तुम्ही हसणार ते हसून घ्या.

परवा जालिंदर पाटी न आणता नुसता निरोप घेऊन आला. टेम्पो चालूच ठेवून खिडकीतून ओरडला, "बाबा, सगुणाकाकू इचारती, भाकरी किती खाता?"

मी म्हणालो, जेवायला बसल्यावर माणूस भाकरी मोजतो का?

"मोजा म्हनं, आन् मला सांगा. म्या हालत न्हाई इथनं."

रस्त्यात मागं ट्रॅक्टर हॉर्न मारतोय आणि हा हालत नाही. मग मोजल्या. न्याहारीला दोन. दुपारी तीन. संध्याकाळी तीन. ज्वारीच्या, चांगल्या थापलेल्या, दगडाबाईच्या हातच्या. आठ झाल्या. जालिंदरनं कपाळाला हात लावला.

विहीणबाई, देवाशप्पथ म्हणण्याची माझी रीत नाही, पण खरं सांगतो, भाकरी धरायची असते हे मला कुणी सांगितलंच नाही. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, भात खाता? नाही. चपाती? नाही. गोड? नाही. मग काय खाता? मी म्हणालो, साधं जेवतो. त्या म्हणाल्या, छान. साधं जेवण म्हणजे भाकरी, आणि बाकी सगळं तोंडीलावणं, हे आपल्या भागात शेंबड्या पोरालाही कळतं. मी उसळ खात होतो, पण भाकरीला लावून. वाटीभर उसळीला तीन भाकरी.

काल तुमची चिठ्ठी आली. मेंढरांचा मजकूर मी मोठ्यानं वाचला आणि दगडाबाईलाही ऐकवला. "आमी मेंढरं घिऊन फिरायचो तवाची गोष्ट हाय. येक दिस दुपारचा माजा डोळा लागला आन् कळप ज्वारीच्या खळ्यात घुसला. पोट तट्ट हुईस्तवर दाना खाल्ला. अठरा मेंढरं गेली. बांधाच्या पाल्याला तोंड लावून बसल्याली तेवडी वाचली. दाना वंगाळ न्हाई इवाई. पन पोट पाल्यानं भरायचं आन् दाना वरनं, इतुकसा. तवा आदी वाडगाभर उसळ खावा, मग भाजी खावा, आन् मग जागा उरली तर आर्दी भाकर."

इतके डॉक्टर झाले, एकानं हे असं सांगितलं नाही. तुम्हाला वाचता येत नाही असं जालिंदर म्हणाला. मला येतं, आणि मी आठ भाकऱ्या खात होतो.

हे घेऊन मी डॉक्टरीणबाईंकडं गेलो. त्या पहिल्यांदा खुर्चीत सरळ बसल्या. म्हणाल्या, बाईंचं बरोबर आहे, पण भाकरी एकदम कमी केलीत तर गोळीही बदलावी लागेल, दर आठवड्याला येऊन दाखवा. गोळी त्यांनी बदलून दिली आहे.

तुमच्या भाजीवर ठपका ठेवला त्याची माफी असावी. पाटी पाठवा. मी वाट बघतोय.

तुमचा
बबन ओव्हाळ


दौंड
११ जानेवारी २००४, सकाळी ६-१५

विहीणबाई, जय भीम.

साखर एकशे बाहत्तर. आकडा आधी लिहिला, कारण पुढचं वाचल्यावर तुमचा आनंद टिकेल की नाही शंका आहे.

पहिले आठ दिवस भुकेनं जीव काढला. पोट भरलेलं असायचं, पण जेवल्यासारखं वाटायचं नाही. ताट समोर घेऊन बसायचं, त्यात पावट्याची उसळ, चाकवत, काकडी, ताक, आणि बाजूला ती अर्धी भाकरी, शिक्षा झाल्यासारखी. दगडाबाई म्हणाली, "बाबा, ह्ये जेवान हाय का जनावराची वैरन?" मी म्हणालो, वैरणच आहे, आमच्या विहिणीनं दिलेली आहे, आणि तिच्या वैरणीवर शंभर मेंढरं जगलेली आहेत.

आता गुन्हा कबूल करतो. गेल्या रविवारी रेल्वेतले जुने सोबती भांडगावच्या एका शेतात हुरड्याला घेऊन गेले. कोवळी कणसं, आगटी, वर खोबऱ्याची चटणी. मी नुसता बसून राहीन असं ठरवलं होतं. मग कुणीतरी तळहातावर चोळून गरम दाणे माझ्या हातात दिले. एक मूठ खाल्ली. दुसरी खाल्ली. पाचवीनंतर मोजल्या नाहीत. परत येताना जीपमध्ये मला ती अठरा मेंढरं दिसत होती. हे मी डॉक्टरीणबाईंना सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय. तुमच्याशी खोटं बोललं तर पुढची पाटी घशाखाली उतरायची नाही.

आता मला भाजी निवडता येऊ लागली आहे. डोळे नाहीत, म्हणून बोटांनी निवडतो. गवार मोडताना टचकन आवाज आला पाहिजे. वांग्याच्या देठाला काटे ताजे आहेत का बघायचं. वाल सोलताना अळी निघाली तर ती बाजूला काढून ठेवायची आणि दाणा घ्यायचा. पूर्वी मी तिला शत्रू समजायचो, आता ती माझ्याआधी चव बघून गेली असं समजतो.

जालिंदर सांगत होता, तुमचे गेणबा पाठीवर पंप घेऊन वाफ्याच्या बाजूनं निघाले तर तुम्ही खुरपं घेऊन वाटेत उभ्या राहिलात. वारं तुमच्या वाफ्याकडं होतं म्हणे. "आज फवारायचं न्हाई, वारं फिरूंद्या," म्हणालात, आणि ते अर्धा दिवस बांधावर बसून राहिले. हे मला फार आवडलं. माझ्या सगळ्या नोकरीत एवढ्या हिमतीनं मी एखाद्या गाडीला लाल झेंडा दाखवला असेल असं वाटत नाही.

चिठ्ठी लिहिणाराचं अक्षर बारीक होत चाललंय. जरा मोठं काढावं म्हणावं, वाचणाराचे डोळे अधू आहेत. बाकी काही नाही.

तुमचा
बबन ओव्हाळ


दौंड
८ फेब्रुवारी २००४, सकाळी ५-५०

विहीणबाई, जय भीम.

तुम्ही गेल्यापासून तीन दिवस हे पत्र मनात लिहितोय. आज कागदावर उतरवतो.

गुरुवारी दार वाजलं तेव्हा मला वाटलं जालिंदर. दारात पाटी डोक्यावर घेतलेली एक बाई, पदर खोचलेला, एवढंच मला दिसलं. "इवाई, वळखलं का?" म्हणालात. आवाज मी कधी ऐकलेला नव्हता. तरी ओळखला, कारण तीन महिने मी तो वाचत होतो.

तुम्ही सरळ आत आलात, ओट्यावरचे डबे उघडून बघितलेत, गुळाचा डबा सापडला तो स्वतःच्या पिशवीत टाकलात, आणि खाली बसून मेथी निवडायला घेतलीत. मी केलेली मटकीची उसळ पातेल्यात होती. तुम्ही विचारलंत, "भूक लागलीया, वाढता का न्हाई?"

आता जे लिहितो ते लिहायला मला लाज वाटते, पण तुम्हाला कळलं पाहिजे. मी ताट वाढलं आणि तुमच्या हाताकडं बघत बसलो. डोळे अधू, तरी डोळ्यांत जेवढं बळ होतं तेवढं लावून बघत होतो. हात जरासा अडतो का, घास तोंडाशी नेताना मान जराशी मागं जाते का. माझ्या आईनं केलेलं खाताना लोकांच्या माना कशा मागं जायच्या हे मला पाठ आहे. तुमचा हात कुठंच अडला नाही. पहिला घास खाल्लात आणि म्हणालात, "मीठ कमी हाय." मीठ घेतलंत. मग दुसऱ्यांदा वाढा म्हणालात. पातेलं तुम्ही संपवलंत, विहीणबाई, मला संध्याकाळी पुन्हा करावं लागलं. ते करताना मी रडत होतो. कांद्यामुळं नाही.

मग तुम्ही आपणहून सांगितलंत. "तुमाला वाटत आसंल पोरगी आमच्यात कशी नांदतीया. पैल्या साली भावकीनं आमच्यात जेवाय यायचं सोडलं. म्या म्हनलं, नगा येऊ, आमचं धान वाचलं. धनी बी आदी गप गप असायचं. म्या त्यास्नी म्हनलं, तिच्या हातचं खायाचं नसंल तर माज्या हातचं बी नगा खाऊ. दोन दिस उपाशी ऱ्हायलं. तिसऱ्या दिशी तिच्याच म्होरं ताट घिऊन बसलं. आता तिच्याबिगर त्यास्नी भाकर गोड लागत न्हाई."

हे मला चार वर्षं कुणी सांगितलं नाही. खरं म्हणजे मी कुणाला विचारलं नाही.

माझ्या लेकीसाठी तुम्ही स्वतःच्या नवऱ्याला उपाशी ठेवलंत. मी तिचा बाप, मी तिच्यासाठी काय केलं? मी आयुष्यभर माणसांच्या भाषणांना टाळ्या वाजवल्या, पण ज्यानं भाषण न देता घरातल्या घरात एवढं केलं असं माणूस मी तुमच्यासारखं दुसरं बघितलेलं नाही. हे पत्र जी कुणी वाचून दाखवत असेल तिनं इथं जरा थांबावं, पाणी प्यावं, आणि मग पुढं वाचावं.

साखर काल एकशे चौतीस. डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा वाचला. त्या विचारत होत्या, औषध माझंच ना? मी म्हणालो, तुमचंच, पण पाटी मांडवगणची. पुण्याला फोन केला, डॉक्टर तपासायला बोलावतायत.

या खेपेला पाटीत पत्राबरोबर अंजनाचं एक हिरवं लुगडं घातलंय. तिनं एकदाच नेसलेलं. नाही म्हणू नका.

तुमचा
बबन ओव्हाळ


दौंड
१८ फेब्रुवारी २००४, दुपारी ४-३०

चि. करुणा, अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुझं आहे. तुझ्या सासूबाईंना वाचून दाखवायचं असेल तर दाखव, त्यांच्यापासून लपवण्यासारखं माझ्याजवळ आता काही उरलेलं नाही.

नव्व्याण्णव साली तू आणि मल्हारराव रेल्वे क्वार्टरच्या दारात उभे होता. तुझ्या आईनं चहा टाकला होता. मी जाळीचं दार न उघडता आतून म्हणालो, मला मुलगी नाही. तू तशीच पायरी उतरलीस. तुझ्या आईनं तो चहा ओतून टाकला आणि महिनाभर माझ्याशी बोलली नाही. ती गेली त्या दिवशी तू आलीस, माझ्यापासून चार हातांवर बसलीस, आणि मी भिंतीकडं बघत राहिलो. भिंतीवर काही नव्हतं.

लोकांना वाटलं मी रागावलो. तुलाही तसंच वाटलं असणार. मी रागावलो नव्हतो, पोरी, मी भ्यालो होतो. त्या घरात तुला वेगळा पेला देतील, तुझ्या हातचं कुणी खाणार नाही, आणि तू ते मुकाट्यानं सोसशील, मला कळवणार नाहीस, याची मला भीती होती. भ्यालो असं सांगायला तोंड झालं नाही, म्हणून ते बोललो. तू पहिल्या साली खरंच सोसलंस, असं आता कळलं. तेव्हा मी तिथं यायला पाहिजे होतं. मी इथं बसून आठ भाकऱ्या खात होतो.

तीन महिने मी सासूबाईंना पत्रं लिहिली. मला ठाऊक होतं, ती तुझ्या आवाजात वाचली जातात. तू प्रत्येक ओळ वाचत असशील हे मनात धरूनच मी लिहीत होतो. तुला सरळ लिहायची हिंमत नव्हती, म्हणून मेथी आणि मटकीच्या आडून लिहिलं.

आज पुण्याला जाऊन आलो. शेजारच्या दगडाबाईचा चांगदेव बरोबर होता. डॉक्टरांनी डोळे बघितले, साखरेचा कागद बघितला आणि तारीख दिली. उजवा डोळा आधी, डावा महिन्यानं. मग एका खिडकीपाशी पाठवलं. तिथं एक मुलगी फॉर्म भरत होती. चांगदेव पुढं होऊन म्हणाला, मी सही करतो. ती म्हणाली, तसं चालणार नाही, घरचं माणूस लागतं. मग मला म्हणाली, "आजोबा, जवळचं कोण आहे तुम्हाला?"

मागं रांग होती. मी म्हणालो, मुलगी आहे.

"काय करतात?"

शाळेत शिक्षिका आहे.

"नाव?"

करुणा.

"पूर्ण नाव सांगा."

ते नाव चार वर्षांत माझ्या तोंडून एकदाही निघालेलं नव्हतं. मी गाडीला शिट्टी द्यावी तसा दम घेतला आणि सांगितलं, करुणा मल्हार कोकरे. एवढ्या मोठ्यानं सांगितलं की रांगेतली माणसं वळून बघायला लागली. तिनं ते लिहून घेतलं.

सोमवार, २३ फेब्रुवारी, सकाळी साडेआठ. सही तुला करायची आहे.

तुझा
आप्पा